सत्तावीस महिन्यांआधीची चौदा वर्षं : मोझांबिकचा शांतता करार आणि सान्त एजिदिओ

जून १९९० मध्ये मोझांबिक सरकारचं शिष्टमंडळ शेजारच्या मलावीतल्या ब्लांटायर शहरात जाऊन थांबलं होतं. रेनामो या बंडखोर संघटनेशी पहिल्यांदाच समोरासमोर बोलणं व्हायचं होतं. रेनामोचं कुणी आलंच नाही. महिन्याभरातच, ८ जुलैला, याच दोन बाजू रोमच्या त्रास्तेवेरे भागातल्या एका जुन्या मठात एकमेकांसमोर बसल्या. बोलावणारं कुठलंही सरकार नव्हतं. यजमान होती सान्त एजिदिओ नावाची कॅथलिक स्वयंसेवकांची संघटना. तिच्याकडे फौज नव्हती, तिजोरी नव्हती, बोलणी फिसकटली तर कुणाला धाक घालण्याची सोय नव्हती. सत्तावीस महिन्यांत बोलण्यांच्या अकरा फेऱ्या झाल्या आणि ४ ऑक्टोबर १९९२ रोजी करारावर सह्या पडल्या.

शांततेसाठी झटणाऱ्या संस्थांचा विषय निघाला की हे उदाहरण हमखास दिलं जातं, आणि बहुतेक वेळा चमत्कार म्हणून. मला ते तसं सांगितलेलं आवडत नाही. चमत्कार म्हटलं की हात जोडायचे आणि पुढे जायचं, त्यातून शिकायला काही उरत नाही. म्हणून इथे मी रोममधल्या सत्तावीस महिन्यांइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, त्याआधीच्या चौदा वर्षांवर थांबणार आहे. माझ्या मते करार तिथे घडत होता.

युद्ध कुणाचं, कशासाठी

मोझांबिक २५ जून १९७५ रोजी पोर्तुगालच्या ताब्यातून सुटला. मराठी वाचकाला, त्यातही गोव्याच्या, हा देश तसा परका नाही. १७५२ पर्यंत पोर्तुगीज मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालवत. पुढेही गोंयकार मंडळी नोकरीधंद्यासाठी तिकडे जात राहिली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारनं त्याचा राग मोझांबिकमधल्या भारतीयांवर काढला. कित्येकांना छावण्यांत डांबलं आणि देशाबाहेर घालवलं. स्वातंत्र्यानंतरचे पहिले राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्या जवळच्या सल्लागारांपैकी आकिनो द ब्रागान्सा हे जन्मानं गोव्याचे. १९ ऑक्टोबर १९८६ रोजी म्बुझिनी इथे विमान कोसळून माशेल गेले, त्याच विमानात ब्रागान्साही होते.

माशेल यांचा फ्रेलिमो पक्ष स्वातंत्र्याची लढाई लढून सत्तेवर आला होता आणि मार्क्सवादी होता. शेजारच्या ऱ्होडेशियात मूठभर गोऱ्यांची राजवट होती. तिच्याविरुद्ध गनिमी काव्यानं लढणाऱ्यांना मोझांबिकनं आसरा दिला. त्याला उत्तर म्हणून ऱ्होडेशियाच्या गुप्तहेर खात्यानं फ्रेलिमोवर नाराज असलेली माणसं गोळा केली आणि रेनामो उभी केली. १९८० मध्ये ऱ्होडेशियाचं झिंबाब्वे झालं, तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी सरकारनं रेनामोला आपल्या पंखाखाली घेतलं. मार्च १९८४ मध्ये न्कोमाती इथे मोझांबिक आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात करार झाला, एकमेकांच्या शत्रूंना मदत करायची नाही असं ठरलं. कागद झाला, युद्ध चालूच राहिलं.

पण रेनामो म्हणजे निव्वळ बाहेरच्यांचं बाहुलं, असं म्हणून भागत नाही. फ्रेलिमोनं गावोगावच्या लोकांना त्यांच्या वस्त्यांमधून उठवून सामूहिक खेड्यांत आणलं. पिढ्यान्‌पिढ्या मान असलेल्या गावप्रमुखांचे अधिकार काढून घेतले. चर्चच्या शाळा, दवाखाने, मालमत्ता सरकारजमा झाल्या. देशाच्या मध्यभागातल्या लोकांना वाटे की राजधानी मापुतो दूर दक्षिणेला आहे आणि तिथल्यांना आपलं काही पडलेलं नाही. हा राग खरा होता. रेनामोनं तो वापरला आणि त्याच लोकांवर भयंकर अत्याचारही केले. जुलै १९८७ मध्ये ओमोइने या गावात चारशेहून अधिक माणसं मारली गेली. पुढच्या वर्षी अमेरिकी परराष्ट्र खात्यासाठी निर्वासितांशी बोलून तयार झालेल्या अहवालानं अशा अत्याचारांचा मोठा भार रेनामोवर ठेवला. लहान मुलांना पळवून त्यांच्या हाती बंदुका दिल्या जात होत्या.

युद्ध आणि त्यातून आलेली उपासमार मिळून सुमारे दहा लाख माणसं गेली, असा अंदाज सर्वत्र दिला जातो. सतरा लाखांच्या आसपास लोक शेजारच्या देशांत पळाले, त्याहून कितीतरी जास्त देशातल्या देशात बेघर झाले.

ओळख आधी, काम नंतर

सान्त एजिदिओची सुरुवात १९६८ ची. आंद्रेआ रिकार्दी हा रोममधला शाळकरी मुलगा आणि त्याचे काही मित्र शहराच्या कडेच्या झोपडपट्ट्यांत जाऊ लागले, तिथल्या मुलांना शिकवू लागले. पुढे त्यांना त्रास्तेवेरेमधला कार्मेलाइट जोगिणींचा रिकामा मठ मिळाला आणि त्याच मठाचं नाव संघटनेला पडलं. प्रार्थना, गरिबांशी मैत्री आणि आपापली नोकरी सांभाळून करायचं काम, एवढंच त्यांचं भांडवल. आंतरराष्ट्रीय मध्यस्थी हा शब्द त्यांच्या शब्दकोशात नव्हता.

१९७६ मध्ये त्यांची रोममध्ये शिकत असलेल्या एका तरुण मोझांबिकी पाद्र्याशी ओळख झाली. त्यांचं नाव जाइमे गोन्साल्विस. लवकरच ते बेइरा या बंदराच्या शहराचे बिशप झाले, पुढे आर्चबिशप. त्यांनी रोमच्या मित्रांना आपल्याकडची अडचण सांगितली: सरकार चर्चला काम करू देत नाही. आता कॅथलिक संघटनेकडून आपली अपेक्षा असते की ती व्हॅटिकनकडे धाव घेईल, निषेधाची पत्रकं काढेल. या मंडळींनी वेगळी वाट धरली. इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाचे फ्रेलिमोशी स्वातंत्र्यलढ्यापासूनचे संबंध होते. सान्त एजिदिओनं आर्चबिशपची गाठ त्या पक्षाचे नेते एनरिको बेर्लिंग्वेर यांच्याशी घालून दिली. कॅथलिक धर्मगुरूनं कम्युनिस्ट नेत्याला गाऱ्हाणं सांगायचं आणि त्यानं ते मापुतोतल्या आपल्या कॉम्रेडांच्या कानावर घालायचं! गाठ उपयोगी पडली. सरकारशी बोलायची वाट खुली झाली आणि १९८५ मध्ये माशेल पोपना भेटायला व्हॅटिकनला गेले.

मला या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा तपशील हाच वाटतो. आपल्याकडे भावकीत बांधावरून वाद पेटला की शहाणी माणसं थेट दोन भावांकडे जात नाहीत. मामाकडे जातात, मेहुण्याकडे जातात, ज्याचा शब्द तिथे खाली पडू देत नाहीत अशा माणसाकडे जातात. सान्त एजिदिओनं तेच केलं, फक्त दोन खंडांच्या अंतरावरून.

दुसऱ्या बाजूशी ओळख अशीच, कामाच्या ओघात झाली. १९८२ मध्ये रेनामोनं काही मिशनरी पळवून नेले. त्यांच्या सुटकेसाठी कुणाशी बोलायचं, हे शोधता शोधता संघटनेचा रेनामोच्या माणसांशी पहिला संपर्क आला. १९८०च्या दशकाच्या मध्यावर दुष्काळ आणि युद्धानं देश मेटाकुटीला आला, तेव्हा इटलीतून अन्न आणि औषधं पाठवण्याचं काम त्यांनी उभं केलं. ती मदत पोचवायची म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांना भेटणं आलं, बंदरावर जाणं आलं, कुठला रस्ता कुणाच्या ताब्यात आहे हे ठाऊक असणं आलं. देश असा हळूहळू पायाखालून गेला.

मग मे १९८८ मध्ये आर्चबिशप गोन्साल्विस गोरोंगोसाच्या रानातल्या रेनामोच्या तळावर गेले आणि रेनामोचा प्रमुख अफोन्सो ध्लाकामा याला भेटले. सरकार ज्यांना ‘सशस्त्र डाकू’ म्हणत होतं, त्यांच्या म्होरक्याला आर्चबिशपनं जाऊन भेटायचं, हे धाडस होतं. गोन्साल्विस आणि ध्लाकामा दोघेही सोफाला प्रांतातले, न्दाऊ समाजातले. युद्ध थकलं आहे आणि ध्लाकामाला बाहेर पडायला रस्ता हवा आहे, ही जाणीव घेऊन आर्चबिशप परतले. ही बातमी रोममध्ये पोचली.

एव्हाना माशेल यांच्या जागी जुआकिम शिसानो आले होते आणि त्यांनाही उमगलं होतं की हे युद्ध जिंकता येणार नाही. १९८९ मध्ये चर्चचे पुढारी नैरोबीत रेनामोला भेटले. केनिया आणि झिंबाब्वे या दोन देशांनी मध्यस्थी करावी असं घाटत होतं, पण घोडं तिथेच अडलं. झिंबाब्वेचं सैन्य मोझांबिकमध्ये सरकारच्या बाजूनं लढत होतं, तेव्हा रेनामोला ते चालेना. केनियाचा कल रेनामोकडे, म्हणून तो सरकारला नको. पोर्तुगाल जुना मालक. अमेरिका महासत्ता. ज्याचं नाव घ्यावं त्याचा कुठेतरी हितसंबंध होताच. उरलं कोण? दोघांनाही ओळखणारे, दोघांकडूनही काही न मागणारे, रोममधले काही स्वयंसेवक.

मठातलं टेबल

पहिल्या बैठकीला चौघे जण मध्ये बसले: रिकार्दी, तरुण पाद्री मात्तेओ झुप्पी, आर्चबिशप गोन्साल्विस आणि इटालियन सरकारच्या वतीनं आलेले समाजवादी खासदार मारिओ राफाएल्ली. त्यांना ‘मध्यस्थ’ म्हणायलाही दोन्ही बाजू तयार नव्हत्या. ते ‘निरीक्षक’ होते. पुढच्या फेरीत, दुसरं कुठलंच नाव जमेना तेव्हा, याच चौघांना मध्यस्थ करण्यात आलं. सरकारकडून अर्मांदो गेबुझा आले होते, जे पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. रेनामोकडून राउल दोमिंगुश.

आता विचार करा, पहिल्या दिवशी काय बोलायचं? युद्धबंदी म्हटलं तर रेनामो म्हणणार की मग आमच्या हातात राहिलं काय. शस्त्रं खाली ठेवा म्हटलं तर उठून जाणार. शिवाय एकमेकांना हाक कशी मारायची इथपासून पंचाईत. सरकारच्या लेखी समोर बसलेले डाकू होते आणि रेनामोच्या लेखी सरकार बेकायदेशीर. या अवघडलेल्या खोलीत रिकार्दींनी सुरुवातीलाच जुन्या पोपचं, तेविसाव्या जॉनचं, सूत्र ठेवलं: जे जोडतं ते शोधू, जे तोडतं ते तूर्त बाजूला ठेवू. दोन दिवसांनी, १० जुलैला, जे संयुक्त निवेदन निघालं त्यात दोन्ही बाजूंनी एकमेकांना देशबांधव म्हटलं, ‘महान मोझांबिकी कुटुंबाचे’ सदस्य म्हटलं. एकही गोळी त्यामुळे थांबली नाही. पण ज्याला तुम्ही लेखी भाऊ म्हटलंत त्याला पुन्हा डाकू म्हणणं जड जातं. मला हा कागद अंतिम करारापेक्षा कमी महत्त्वाचा वाटत नाही.

पहिलं हाती लागणारं फळ १ डिसेंबर १९९० ला आलं. समुद्र नसलेल्या झिंबाब्वेचा बराच माल बेइरा आणि लिंपोपो या दोन मार्गिकांमधून, म्हणजे रेल्वे, रस्ता आणि तेलवाहिनीच्या पट्ट्यांतून, बंदरांकडे जाई. ठरलं असं की झिंबाब्वेचं सैन्य या पट्ट्यांपुरतंच राहील आणि रेनामो तिथे हल्ले करणार नाही. लक्ष ठेवायला संयुक्त आयोग नेमला. पाठोपाठ तक्रारींचा पाऊस पडला, करार मोडल्याचे आरोप झाले, बोलणी महिनोन्‌महिने रखडली. १९९१ चं जवळजवळ सगळं वर्ष भिजत घोंगडंच होतं. ऑक्टोबरमध्ये मूलतत्त्वांचा मसुदा झाला, नोव्हेंबरमध्ये राजकीय पक्षांविषयीचा, मार्च १९९२ मध्ये निवडणुकीविषयीचा. रेनामोची मागणी होती की संक्रमणाच्या काळात देश संयुक्त राष्ट्रांनी चालवावा. सरकार म्हणत होतं, सार्वभौमत्व विकायला आम्ही इथे आलेलो नाही. अखेर सरकार कायम राहिलं, रेनामोनं त्याची वैधता मानली, आणि बदल्यात सह्या होताच पक्ष म्हणून राजकारणात उतरायचा हक्क मिळवला. देशानं नोव्हेंबर १९९० मध्येच बहुपक्षीय राज्यघटना स्वीकारली होती, त्यामुळे त्या हक्काला अर्थ होता.

या दिरंगाईवर तेव्हाही टीका झाली. रोममध्ये लोक चर्चा करताहेत आणि इकडे माणसं मरताहेत, हे खरंच होतं, आणि ते वाचताना आजही जीव कासावीस होतो. एखाद्या राष्ट्राच्या परराष्ट्रमंत्र्यानं मुदत घातली असती, दम दिला असता. या यजमानांकडे दम नव्हता. त्यांना फक्त वाट पाहता येत होती, आणि दरवेळी बोलणं तुटलं की दोन्हीकडे जाऊन ते पुन्हा जोडता येत होतं. रेनामोची माणसं रानातून आली होती. सरकारशी वाटाघाटी करायच्या म्हणजे कायदा, घटना, मतदारयादी, सैन्याची फेररचना यांविषयी आपलं मत हवं. ते मत तयार व्हायला वेळ लागतो. घाईनं सही करून घेतलेल्या बंडखोराला चार महिन्यांनी वाटतं की आपण फसवले गेलो. हा वेळ वाया गेला असं मला वाटत नाही. मात्र त्याची किंमत कुणी मोजली, हे विसरूनही चालणार नाही.

१९९२ च्या दुष्काळानं घाई केली. आफ्रिका खंडाच्या त्या दक्षिण भागात कित्येक दशकांत असा दुष्काळ पडला नव्हता. रेनामोच्या ताब्यातल्या भागांत खायला उरलं नाही. जुलैत मदतीच्या वाहतुकीला वाट देण्याचं ठरलं. ऑगस्टमध्ये शिसानो आणि ध्लाकामा रोममध्ये पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटले, आणि ७ तारखेला दोघांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तेव्हा झिंबाब्वेचे रॉबर्ट मुगाबेही हजर होते.

पैसा

इथे थोडं नावडतं बोलायला हवं. सद्भावनेवर एवढं सगळं चाललं, असं कुणी सांगितलं तर ते अर्धं खरं आहे. शिष्टमंडळांचा रोममधला खर्च इटालियन सरकारनं उचलला. ध्लाकामाला ने-आण करणारी विमानं लोनऱ्हो या बड्या कंपनीचे प्रमुख टायनी रोलंड यांची होती, आणि त्या कंपनीच्या मोझांबिकमध्ये मळे आणि तेलवाहिनीत हितसंबंध होते. रेनामोला पक्ष बनवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांमार्फत जो निधी उभारला गेला त्यात पुढे सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर जमा झाले. गावं जाळणाऱ्यांना पैसे द्यायचे का, हा प्रश्न कुणालाही बोचेल. मलाही बोचतो. तरी रानातल्या सेनापतीला शहरात घर, कार्यालय, गाडी आणि इभ्रत मिळाली नाही तर तो रानातच राहतो, हेही तितकंच खरं. सान्त एजिदिओनं हे पैशाचं काम स्वतःच्या हाती घेतलं नाही, ते राष्ट्रांकडे राहू दिलं. हे शहाणपणाचं होतं. संस्थेचा हात एकदा त्या थैलीत गेला असता तर चौदा वर्षांची ओळख एका दिवसात संपली असती.

जिथे संस्थेचा हात पुरत नाही

कराराच्या शेवटच्या महिन्यांत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, पोर्तुगाल आणि संयुक्त राष्ट्रं निरीक्षक म्हणून आत आली. मठातल्या यजमानांनी दार उघडून दिलं, कारण आता पुढचे प्रश्न त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. हजारो सैनिकांना छावण्यांत कोण आणणार? बंदुका कोण मोजणार? संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बुत्रोस-घाली यांनी सरकारी आणि बिगरसरकारी प्रयत्नांच्या या मिश्रणाला ‘इटालियन सूत्र’ म्हटलं.

शेजाऱ्याची गोष्ट लगेच समोर आली. अंगोलाही पोर्तुगालचीच वसाहत, तिथेही दीर्घ यादवी, तिथेही शीतयुद्ध संपल्यावर १९९१ मध्ये करार झालेला, तोही अमेरिका, सोव्हिएत संघ आणि पोर्तुगाल यांच्या देखरेखीखाली. मोझांबिकच्या करारावर सह्या झाल्या त्याच सुमारास, सप्टेंबर १९९२ च्या निवडणुकीनंतर, अंगोलात बंडखोरांचा नेता सावींबी यानं निकाल नाकारून पुन्हा युद्ध पेटवलं. सैन्यं मोडण्याआधीच मतदान झालं होतं आणि निरीक्षक थोडे होते. कुणी म्हणेल, मोझांबिकमध्ये शांतता आली ती शीतयुद्ध संपलं म्हणून, दक्षिण आफ्रिकेत वारं फिरलं म्हणून. ते कारण होतंच. पण अंगोलालाही तेच वारं लागलं होतं.

डिसेंबर १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांची मोहीम मंजूर झाली. तिचे प्रमुख आल्दो आयेल्लो हे इटालियन गृहस्थ अंगोलाचा धडा गिरवून आले होते: आधी सैन्यं मोडायची, मग मतदान. त्यासाठी त्यांनी निवडणूक वर्षभर पुढे ढकलली जाऊ दिली. सहा-सात हजारांच्या या फौजेत भारतीय तुकड्याही होत्या, अभियंते आणि रसद सांभाळणारे. दोन्ही बाजूंचे मिळून सत्तर हजारांवर सैनिक घरी पाठवले गेले. त्यांना सरकारकडून सहा महिन्यांचा आणि देणगीदारांच्या निधीतून पुढच्या अठरा महिन्यांचा भत्ता मिळाला. मला वाटतं, गावी गेलेल्या बंदूकवाल्याला दोन पेरण्या होईपर्यंत महिन्याकाठी काही मिळत राहिलं, यात शांततेचा मोठा वाटा आहे.

२७ ऑक्टोबर १९९४ ला मतदान सुरू होतानाच ध्लाकामानं बहिष्कार पुकारला. दिवसभरात राजदूत आणि शेजारी राष्ट्राध्यक्षांनी मनधरणी केली, तो परत आला, मतदान तिसऱ्या दिवसापर्यंत वाढवलं. शिसानो निवडून आले. ध्लाकामाला तिसऱ्या हिश्श्याइतकी मतं पडली आणि रेनामोनं २५० पैकी ११२ जागा जिंकल्या. ज्यांना डाकू म्हटलं जात होतं त्यांना देशातल्या एवढ्या मोठ्या भागानं मत दिलं, यावरून तो जुना राग किती खरा होता ते कळतं.

गावात

करार रोमचा, पण परतणाऱ्या मुलाला घरात घ्यायचं की नाही हे ठरवलं गावानं. मोझांबिकमध्ये खटले चालले नाहीत, दक्षिण आफ्रिकेसारखा सत्यशोधन आयोग नेमला गेला नाही. सरसकट माफी दिली गेली. मात्र खेड्यापाड्यांत वैदू आणि वडीलधाऱ्यांनी परतलेल्यांसाठी शुद्धीचे विधी केले: अंगावर मेलेल्यांचे आत्मे आलेत, ते धुतल्याशिवाय उंबरठा ओलांडता येणार नाही, अशी तिथली समजूत. आंघोळ घातली, जुने कपडे जाळले, मग जेवायला बसवलं. हे विधी कुठल्याही मसुद्यात नव्हते. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांचं दुःख त्यानं भागलं का, हा प्रश्न मी मिटलेला मानत नाही. बायकांवर जे अत्याचार झाले त्याविषयी तर फारसं बोललंच गेलं नाही.

दुसरं काम देशातल्याच संघटनेनं केलं. मोझांबिकच्या ख्रिस्ती परिषदेनं, अँग्लिकन बिशप दिनिस सेंगुलाने यांच्या पुढाकारानं, १९९५ मध्ये ‘शस्त्रांचे फावडे’ ही मोहीम सुरू केली. पुरून ठेवलेली बंदूक आणून द्या, सायकल, शिवणयंत्र किंवा शेतीची अवजारं घेऊन जा. कुणाला नाव विचारायचं नाही. गोळा झालेल्या बंदुका कापून मापुतोतले कलावंत त्यांच्यापासून शिल्पं घडवत. क्रिस्तोवाओ कान्यावातो उर्फ केस्टर यांनी २००१ मध्ये बनवलेलं शस्त्रांचं सिंहासन आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ते चित्रात पाहिलं तरी चालेल, पण नीट पाहा: पाठीच्या जागी रायफलींचे दस्ते आहेत.

राहून गेलेलं

रेनामोनं आपल्या सगळ्या बंदुका दिल्या नव्हत्या, आणि ध्लाकामानं शस्त्रधारी रक्षक जवळ ठेवले होते. ठरलेली तीस हजारांची संयुक्त सेना प्रत्यक्षात बारा हजारांच्या आसपासच भरली. पुढच्या निवडणुका फ्रेलिमो जिंकत गेला, संपत्ती मापुतोत साचत गेली, आणि मध्य भागातल्या माणसाला पुन्हा वाटू लागलं की आपण बाहेरचे. ऑक्टोबर २०१३ मध्ये सरकारी सैन्यानं ध्लाकामाच्या तळावर हल्ला केला तेव्हा रेनामोनं १९९२ चा करार संपल्याचं जाहीर केलं. एकवीस वर्षं टिकलेली शांतता मोडली. आर्चबिशप गोन्साल्विस एप्रिल २०१६ मध्ये बेइरात वारले, तेव्हा गोरोंगोसाच्या परिसरात पुन्हा गोळ्या चालत होत्या.

नवी बोलणी सुरू झाली. रोमच्या चौघांपैकी राफाएल्ली मध्यस्थांत पुन्हा आले. ध्लाकामा मे २०१८ मध्ये गोरोंगोसातच गेला. त्याच्या वारसानं ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारशी करार केला आणि जून २०२३ मध्ये रेनामोचा शेवटचा तळ बंद झाला. रोमचा करार अशा रीतीनं तीस वर्षांनी पुरा झाला, असं मी मानतो. संस्थेच्या अहवालात तीन वर्षांचा प्रकल्प लिहावा लागतो, तीस वर्षांचा लिहायला रकाना नसतो.

सान्त एजिदिओला दरवेळी यश आलं असंही नाही. १९९५ मध्ये त्यांनी अल्जीरियातल्या पक्षांना, इस्लामी आघाडीसह, रोममध्ये एकत्र आणलं. मसुदाही झाला. अल्जीरियाच्या सरकारनं तो झटकून टाकला, कारण ते टेबलावर नव्हतंच. तिथल्या सत्तेशी या मंडळींची मोझांबिकसारखी जुनी ओळख नव्हती.

ऑक्टोबर २०१७ पासून मोझांबिकच्या उत्तर टोकाला, काबो देल्गादो प्रांतात, वेगळंच युद्ध चालू आहे. किनाऱ्याजवळ नैसर्गिक वायूचे साठे सापडले, गरीब तरुणांच्या वाट्याला काही आलं नाही, आणि जहाल इस्लामी गटानं गावं जाळायला सुरुवात केली. लाखो लोक प्रांताची राजधानी पेंबा हिच्या दिशेनं पळाले. या बंडखोरांच्या वतीनं बोलेल असा ध्लाकामासारखा एक माणूस नाही, त्यामुळे कुणाला बोलवायचं हेच ठरत नाही. सान्त एजिदिओची मंडळी तिथे आहेत. विस्थापितांना धान्य देतात, त्यांच्या मुलांना शिकवतात, २००२ पासून देशात चालवलेल्या दवाखान्यांतून एचआयव्हीचे रुग्ण तपासतात. टेबल अजून मांडलेलं नाही.